दार आतून बंद होतं, एवढंच लिहा

वाचकाचं पत्र

मी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका क्रीडा ॲकॅडमीत दीड वर्षापासून सहायक प्रशिक्षक आहे. आमच्या मुख्य सरांचं नाव मोठं आहे. त्यांची मुलं राज्य पातळीवर खेळतात, पालक त्यांच्या पाया पडतात. गेल्या दोन महिन्यांत काही गोष्टी खटकल्या. बॅचमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलाला सर प्रॅक्टिसनंतर थांबवून घेतात आणि स्वतःच्या गाडीवरून घरी सोडतात. त्याला साडेतीन हजारांचे बूट घेऊन दिले. रात्री साडेदहा-अकराला व्हॉट्सॲपवर बोलतात, हे मुलानेच सहज सांगितलं. दोनदा सामानाच्या खोलीचं दार आतून बंद दिसलं. विचारलं तर सर म्हणाले, "मांडी धरली होती, मसाज करत होतो." दुसऱ्या वेळी "हे आपल्या दोघांतलं, घरी सांगत बसू नको" हे त्यांचं वाक्य माझ्या कानावर पडलं. आधी बडबड करणारा मुलगा आता गप्प असतो. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "पुरावा आहे का? आधी आपण सरांनाच विचारू." पुढच्या शुक्रवारी सर त्याला निवड चाचणीसाठी पुण्यात बालेवाडीला नेणार आहेत, मुक्काम एकाच खोलीत. मी मुलाला खोदून विचारू का? त्याच्या आईला सांगू का? मी चुकत असेन तर एका माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल, आणि माझी नोकरीही जाईल.

(खेळ कोणता, घर कुठलं, मुलाची शाळा कोणती, हे सगळं आम्ही पत्रातून गाळलं आहे.)

उत्तर

ताई, शुक्रवारची तारीख पाहून या उत्तरातला महत्त्वाचा भाग तुम्हाला आधीच कळवला आहे. इथे तो सविस्तर छापतो, कारण असंच पत्र लिहू पाहणारे आणि मग न लिहिणारे बरेच असतील.

मालकांनी पुरावा मागितला आणि तुम्ही गप्प झालात. त्यांचा प्रश्नच चुकीचा होता. पुरावा गोळा करणं हे पोलिसांचं काम आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, त्याचं कलम १९ वाचलं तर त्यात 'पुरावा' हा शब्द नाही. असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला धास्ती वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना माहिती द्यायची, एवढंच ते सांगतं. 'कोणत्याही व्यक्तीने' यात शिपाई आला, सहायक प्रशिक्षक आला, रिक्षावाला आला.

आता तुम्हाला धास्ती वाटावी इतकं काही आहे का? आहे. पण सगळ्या गोष्टींचं वजन सारखं नाही, आणि सगळं एका सुरात सांगितलं की ऐकणारा सगळंच हलक्यात घेतो. बूट घेऊन देणं, एकट्याला गाडीवरून सोडणं, रात्री उशिरा मेसेज, या मर्यादा ओलांडल्याच्या खुणा आहेत. पण परिस्थिती नसलेल्या पोराला बूट घेऊन देणारे कितीतरी सज्जन प्रशिक्षक नाशकात सापडतील. नुसतं एवढंच असतं तर आम्ही म्हटलं असतं, संस्थेला लेखी कळवा आणि नियम करून घ्या. बंद दाराआडचा मसाज मात्र वेगळा. स्नायू आखडला तर मैदानावर सगळ्यांदेखत ताण देतात, बर्फ लावतात, फार तर फिजिओकडे पाठवतात. त्यासाठी कडी लावावी लागत नाही. आणि या सगळ्यांत जड आहे ते कानावर पडलेलं वाक्य. मोठ्या माणसाने मुलाला आईवडिलांपासून लपवायला शिकवलं, तिथे निरागस खुलासा जवळजवळ संपतो. भेटवस्तू, एकांत, गुपित, मग स्पर्श आणि त्यानंतर गप्प झालेलं मूल, हा क्रम या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. मुलाला आणि त्याच्या घरालाही आधी उपकारात बांधलं जातं, म्हणजे पुढे तोंड उघडणं कृतघ्नपणा वाटतो. त्यावर शुक्रवारचा एका खोलीतला मुक्काम. तेव्हा थांबून बघूया म्हणण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही.

आधी वही

आज रात्री घरी बसून लिहा. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, पानं शिवलेल्या वहीत, पेनाने. खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून पुढे जा, पांढरी शाई लावू नका. अशा नोंदी बहुतेकदा या पद्धतीने लिहिल्या जातात आणि म्हणूनच वाया जातात:

"सर त्या मुलाशी विचित्र वागतात. मला त्यांचा हेतू चांगला वाटत नाही. हे बरेच दिवस चाललंय."

यात तुम्ही पाहिलेलं काहीच नाही, तुम्हाला वाटलेलं मात्र सगळं आहे. तीच गोष्ट अशी लिहा:

"मंगळवार, तारीख अमुक. संध्याकाळी ७.१० ते ७.२० च्या दरम्यान. बॅच ६.४५ ला सुटली होती. मी प्रॅक्टिसचे कोन ठेवायला सामानाच्या खोलीकडे गेले. दार आतून बंद होतं, कडी लावलेली. दोनदा वाजवलं. साधारण मिनिटभराने सरांनी उघडलं. मुलगा बाकावर बसलेला, शॉर्ट्स घातलेली, माझ्याकडे पाहिलं नाही. सर म्हणाले, 'मांडी धरली होती, मसाज करत होतो.' बाहेर मैदानावर वॉचमन होते."

'विचित्र' नाही, 'हेतू' नाही. मिनिट आठवत नसेल तर 'साधारण' लिहा आणि पुढे जा. नेमकेपणाचा आव आणलेली वेळ हजेरीपटाशी जुळली नाही की बाकीच्या नोंदीवरही शंका घेतली जाते. स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं हे तीन वेगळे ठेवा. रात्रीचे मेसेज तुम्ही पाहिलेले नाहीत, मुलाने सांगितले. तेव्हा "मुलगा म्हणाला की" असंच लिहा, आणि तो कोणत्या शब्दांत म्हणाला तेही. शेवटी आज लिहीत असल्याची तारीख, वेळ आणि सही. जुन्या घटना आज आठवून लिहितेय हे लपवू नका. लपवलेलं उलटतपासणीत बाहेर पडतं, सांगितलेल्याचं काही बिघडत नाही.

आणि वहीचे फोटो मैत्रिणीला पाठवू नका. एकालाही नाही.

मुलाला खोदून विचारू नका

मदत करायला निघालेली माणसं सगळ्यात मोठं नुकसान इथेच करतात. "सरांनी तुला हात लावला का? कुठे लावला? इथे का?" असं विचारलं की मूल तीनपैकी एक काहीतरी करतं. घाबरून नाही म्हणतं आणि मग त्या नाहीला चिकटून राहतं. तुम्हाला हवं ते उत्तर देतं. किंवा जाऊन सरांनाच सांगतं. पुढे खटला उभा राहिला तर बचावाचा वकील न्यायालयामार्फत पहिलाच प्रश्न करणार: हे तुला कोणी सांगायला शिकवलं? आई, ताई, मालक, शाळेतल्या बाई, पोलीस असं पाच जणांनी पाच वेळा विचारलेलं असलं की पाच उत्तरांत फरक पडतोच. तो फरक खोटेपणाचा नसतो, पण न्यायालयात तसा दाखवला जातो.

मग करायचं काय? त्याच्याशी नेहमीसारखं वागा. पाण्याची बाटली भरताना, बूट बांधताना एवढंच म्हणा: "हल्ली गप्प असतोस. काही सांगावंसं वाटलं तर मी आहे." उत्तर आलं नाही तर विषय सोडा.

तो स्वतःहून बोलू लागला तर मध्ये थांबवू नका, चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. "मग?" आणि "अजून काही सांगायचंय?" यापलीकडे प्रश्न नकोत. 'का'ने सुरू होणारा प्रश्न तर अजिबात नको. "तू आधी का नाही सांगितलंस" हे मुलाला आरोपासारखं लागतं. बोलून झाल्यावर सांगा की सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, तो कितीही गयावया करू दे. त्याऐवजी: "हे मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. ज्यांचं काम मुलांना सांभाळायचं आहे, त्यांनाच सांगेन. सगळ्यांना नाही." नंतर दहा मिनिटांत त्याचेच शब्द कागदावर उतरवा. तो 'तिथे' म्हणाला असेल तर 'तिथे' लिहा, अवयवाचं नाव तुम्ही घालू नका.

मुलगा आहे म्हणून आणखी एक अडचण. लोक म्हणतात, "अहो, मुलगाच तर आहे." पोक्सोत अठरा वर्षांखालचा कोणीही बालक आहे, मुलगा-मुलगी असा भेद नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या देशव्यापी पाहणीत लैंगिक अत्याचार सांगितलेल्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त, ५२.९४ टक्के, मुलगे होते. मुलगे बोलत नाहीत याचं एक साधं कारण असं, की बोललो तर पोरं चिडवतील, आणि दुसरं, सर गेले तर टीममधली जागा जाईल. तुमच्या मैदानावर दुसरं कारण जास्त जड असणार.

कोणाला, कसं

सकाळी आधी १०९८ ला फोन करा. ही बालकांची मदतवाहिनी आहे, चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत. मुलाचं वय, ठिकाण, काय पाहिलं आणि सगळ्यात आधी शुक्रवारचा मुक्काम, हे सांगा. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. नोंद क्रमांक विचारून वहीत टिपा. पण फोन केला म्हणजे कलम १९ चं काम झालं असं समजू नका. ते कलम पोलिसांचं नाव घेतं. १०९८ मुळे जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची जिल्ह्याची समिती) यांच्यापर्यंत हालचाल सुरू होते. पोलीस ठाण्याची पायरी तुम्हाला तरीही चढायची आहे. आणि एखादं मूल त्या क्षणी बंद खोलीत आहे अशी वेळ आली तर सरळ ११२.

पोलिसांकडे जाताना एक पानी अर्ज न्या, दोन प्रती. प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस ठाणे. विषय: पोक्सो कलम १९(१) नुसार माहिती देणेबाबत. विषयात 'तक्रार' नको, 'माहिती' हवा. या एका शब्दाने तुमची भूमिका ठरते, सरांवर दावा ठोकणारी नाही, पाहिलेलं कळवणारी. मजकुरात तुम्ही कोण, मुलाचं नाव व वय, घटना तारखेनिशी, शेवटी शुक्रवारचा प्रवास आणि त्याआधी पावलं उचलण्याची विनंती. विशेषणं काढून टाका. एक प्रत त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. पोच घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. कलम १९(२) नुसार तुम्ही दिलेली माहिती क्रमांक देऊन लेखी नोंदवायची, तुम्हाला वाचून दाखवायची आणि वेगळ्या पुस्तकात चढवायची असते. वाचून दाखवायला स्वतःहून सांगा, बहुतेकदा विसरतात. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी त्यांचंच नाव विचारा. माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य नाशकात हमखास ऐकू येतं, कारण गंगापूर रोड पुढे गेला की शहर आयुक्तालय कुठे संपतं आणि ग्रामीण कुठे सुरू होतं हे सामान्य माणसाला कळत नाही. त्यात अर्धा प्रकार पुण्यात घडेल अशी भीती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. शून्य क्रमांकाने नोंदवून ते योग्य ठाण्याकडे पाठवतात. तरीही घेतलं नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांकडे: शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला पोलीस अधीक्षक. शुक्रवार जवळ असताना पोस्टावर विसंबू नका. त्याच दिवशी आयुक्तालयात हाताने द्या आणि तिथलीही पोच घ्या. नोंद न करणाऱ्या पोलिसालाही पोक्सोचं कलम २१ (न कळवणं, न नोंदवणं याची शिक्षा) लागू होतं, हे तिथे वाद न घालता पण ऐकू जाईल असं म्हणायला हरकत नाही.

गुन्हा लगेच नोंदेलच असं नाही. तुमच्या माहितीत 'घडलं' पेक्षा 'घडेल अशी भीती' जास्त आहे, त्यामुळे आधी चौकशी होऊ शकते. याने निराश होऊ नका. शुक्रवारी मुलगा त्या खोलीत नसणं, हे पहिलं काम.

आई

तिला सांगा, आणि अर्ज देण्याच्याच दिवशी. आधी चार दिवस नाही, कारण घाबरलेली आई पहिला फोन सरांनाच करते: "सर, हे काय ऐकतेय मी?" घरी जाऊन, मुलगा घरी नसताना, समोरासमोर. फोनवर नाही, मेसेजने तर नाहीच. काय पाहिलं तेवढं सांगा. "सरांनी असं असं केलं असणार" हा निष्कर्ष तुम्ही काढून देऊ नका. तिला दोनच कामं द्या. एक, बालेवाडीला पालक सोबत जाणार, नाहीतर मुलगा जाणार नाही. दोन, मुलाचा मोबाइल आहे तसा ठेवायचा. त्यातले मेसेज पुसायचे नाहीत, रागाने सरांना उत्तर द्यायचं नाही. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू आहे का ते बघून ती बंद करायची. त्यात मुलाचे अश्लील फोटो निघाले तर स्क्रीनशॉट काढू नका, कोणालाही पुढे पाठवू नका, वकिलालाही नाही. अशी चित्रं बाळगणं आणि पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. फोन तसाच पोलिसांकडे द्यायचा आणि पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्यायची.

आईवडील "आम्हाला काही करायचं नाही" म्हणाले तर? बरेच म्हणतात. मुलाचं करिअर, नातेवाईक, "चार लोकांत नाव". त्यांच्यावर रागावू नका, पण तुमच्या माहिती देण्याला त्यांची परवानगी लागत नाही. वैद्यकीय तपासणीला संमती लागते, ती वेगळी गोष्ट.

त्यांना सगळ्यात जास्त धसका असतो तो पोलीस ठाण्याचा, म्हणून हे नीट समजावून सांगा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस जवळ असताना. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. आरोपीशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. बाल कल्याण समितीकडे सहायक व्यक्ती मागता येते. ती तपासापासून खटल्यापर्यंत मुलासोबत राहते, तारखा सांगते, कागद समजावते. ही सोय बहुतेक कुटुंबांना माहीतच नसते आणि आपणहून कोणी देईल याची खात्री नाही, म्हणून पहिल्याच भेटीत मागा. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कलम ३५ म्हणतं. प्रत्यक्षात अनेकदा लांबतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

मालक

"आधी सरांनाच विचारू" हे ऐकायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? सरांना चार दिवस मिळतात. मोबाइल साफ होतो. मुलाला बाजूला घेऊन "तुझ्यामुळे माझं काय होणार बघ" असं सांगितलं जातं. आईला जुन्या मदतीची आठवण करून दिली जाते. मग मुलगा काहीच झालं नाही म्हणतो, मालक सुटकेचा श्वास टाकतात आणि तुम्ही खोट्या ठरता. म्हणून मालकांना सांगायचं ते पोच हातात आल्यावर, आणि लेखी: अमुक तारखेला तोंडी सांगितलं होतं, आज पोलिसांना माहिती दिली आहे, चौकशी होईपर्यंत संबंधितांना कोणत्याही मुलासोबत एकटं काम देऊ नये. सरांना काय आणि केव्हा विचारायचं ते पोलिसांना विचारून ठरवा, हेही त्यातच लिहा. बाजूला ठेवणं ही शिक्षा नाही. सर निर्दोष असतील तर त्यांचाही बचाव त्यातच आहे.

मालकांना वाटत असेल की हे नियम शाळांचे आहेत. तसं नाही. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत शाळा, पाळणाघरं यांच्यासोबत क्रीडा ॲकॅडमीचं नाव घेऊन म्हटलंय की कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळूनही न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१(२) नुसार एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. तुमच्या-आमच्यासारख्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला, तो याच कलमाखाली.

दुसरी पळवाट जास्त गोड असते. सरांकडून राजीनामा घ्यायचा, निरोपाचा नारळ द्यायचा आणि मोकळं व्हायचं. मग महिन्याभरात ते पंचवटीत नाहीतर सिडकोत नवीन बॅच सुरू करतात. पोलीस पडताळणीत फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात. तुमच्या मालकांनी कळवलं नाही तर पुढच्या संस्थेला मिळणारा दाखला कोरा असतो, आणि तो कोरा दाखलाच सर भिंतीवर लावतात. तिसरी पळवाट म्हणजे बैठक घालून मिटवणं. असला गुन्हा आपसांत मिटत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात पालकांशी तडजोड झाली म्हणून रद्द केलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा जिवंत केला.

तुम्ही चुकलात तर

कलम १९(७) सांगतं की सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही. खोट्या तक्रारीची शिक्षा कलम २२ मध्ये आहे, पण ती कोणाची बदनामी करायची, पैसे उकळायचे, धमकवायचं किंवा अपमान करायचा याच हेतूने दिलेल्या खोट्या माहितीला. चुकीचा अंदाज म्हणजे खोटी तक्रार नव्हे. अब्रुनुकसानीचंही तसंच. अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेलं निवेदन कायद्याच्या अपवादात बसतं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली पोस्ट बसत नाही. तिने मुलाची ओळखही फुटते आणि तो आणखी एक गुन्हा. तुमची सगळी सुरक्षितता या एका फरकावर उभी आहे. पोलीस, १०९८, बाल कल्याण समिती, आई, आणि मालकांना लेखी. याबाहेर एक शब्द नाही, स्टाफरूममध्येही नाही.

नोकरीबद्दल खोटा दिलासा देणार नाही. पोक्सोत तुमची नोकरी वाचवणारी तरतूद नाही. नियुक्तिपत्र, पगाराच्या बँक नोंदी, हजेरी यांच्या प्रती आजच घरी आणून ठेवा. काढलंच तर पोलिसांची पोच आणि काढल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून कामगार वकिलाला दाखवा.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून असेच प्रश्न येतात. तिथे रात्रीचा धोका मोठा आणि आईवडील दोन डोंगर पलीकडे. पोलिसांना माहिती द्यायची ती वर सांगितल्याप्रमाणेच. शिवाय त्याच अर्जाची प्रत आदिवासी विकास विभागाच्या नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाला द्या. वसतिगृहाच्या अधीक्षकांमार्फत पाठवू नका, थेट द्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की माहीत असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. आणि तो खटला मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर होता.

ताई, तुमच्यासाठी आता फक्त क्रम. आज रात्री वही. उद्या सकाळी १०९८, दुपारपर्यंत ठाणे आणि पोच, संध्याकाळी मुलगा मैदानावर असताना त्याची आई, त्यानंतर मालकांना पत्र. गुरुवारी रात्री आईला फोन करून एवढंच विचारा की बालेवाडीला सोबत कोण जातंय. पोलिसांनी मूळ वही मागितली तर द्या, पण आधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा आणि वही घेतल्याची नोंद करून घ्या.